ओठ आधी की आवाज आधी?

बातम्या देणाऱ्या निवेदिकेचे ओठ मिटून पुन्हा उघडतात आणि ‘प’ किंवा ‘म’ त्यानंतर कानावर येतो. किंवा याच्या उलट, चेंडू बॅटला लागण्याआधीच ‘टक्’ ऐकू येते. घरच्या टीव्हीवर चित्र आणि ध्वनी यांची अशी फारकत झाली, की प्रेक्षकाचे लक्ष कथेवरून उडते आणि पात्रांच्या ओठांवर खिळून राहते. टीव्हीच्या आणि साउंडबारच्या मेनूत या गोष्टीला ‘लिप सिंक’, ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ अशी नावे असतात. बहुतेक वेळा यात कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. चित्र एका वाटेने जाते, आवाज दुसऱ्या वाटेने, आणि दोन्ही वाटांना लागणारा वेळ सारखा नसतो, एवढेच. त्यामुळे दुरुस्तीही बहुतेक वेळा मेकॅनिकला न बोलावता, रिमोट हातात घेऊन होते. मात्र त्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते: आवाज पुढे धावतो आहे की मागे रेंगाळतो आहे? दोन्ही तक्रारी वरवर सारख्याच दिसतात, पण त्यांचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. एकीचा इलाज दुसरीला केला तर त्रास वाढतो.

हा फरक मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये या विषयावर एक शिफारस प्रसिद्ध केली. प्रेक्षकांवर घेतलेल्या चाचण्यांवरून तीत असे म्हटले आहे, की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर ते लक्षात येऊ लागते. उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा कळत नाही. ९० मिलिसेकंद आधी किंवा १८५ मिलिसेकंद नंतर, या मर्यादा ओलांडल्या की प्रेक्षक ते खपवून घेत नाहीत. आधी येणाऱ्या आवाजाबद्दल माणूस इतका काटेकोर आणि उशिराबद्दल इतका सैल का, याचे कारण रोजच्या अनुभवात आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी लागणारा वेळ नगण्य असतो. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणे आपटत असेल तर आधी हात खाली येताना दिसतो, आवाज मागून येतो. आवाज आधी आणि आपटणे नंतर, असे निसर्गात कधीच घडत नाही, म्हणून ते डोळ्याला लगेच खटकते. प्रसारण संस्थांनी स्वतःसाठी घातलेल्या मर्यादा याहून कडक आहेत. युरोपीय प्रसारण संघाची २००७ ची शिफारस आवाज ४० मिलिसेकंद आधी आणि ६० मिलिसेकंद नंतर एवढीच सूट देते. अमेरिकेच्या डिजिटल टीव्ही समितीने २००३ मध्ये ही सूट १५ आणि ४५ मिलिसेकंदांवर आणली होती. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी चूक साचत जाते आणि शेवटी ती प्रेक्षकाच्या पदरात पडते, म्हणून ही कंजुषी.

ओठ आणि आवाज यांचे नाते मेंदूच्या दृष्टीने किती घट्ट आहे, हे हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅक्डोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. ‘बा’ असा आवाज आणि ‘गा’ म्हणणाऱ्या ओठांचे चित्र एकत्र दाखवले, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. डोळे मिटले की तोच आवाज पुन्हा ‘बा’ होतो. ऐकणे हे काम एकट्या कानाचे नाही. म्हणूनच मेळ चुकलेला संवाद नुसता विचित्र दिसत नाही, तो समजायलाही जड जातो. ज्यांना कमी ऐकू येते आणि ज्यांची मदार नकळत ओठांवर असते, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना याचा त्रास सर्वांत आधी होतो. ‘आवाज नीट नाही’ एवढीच त्यांची तक्रार असते. आवाज वाढवला तरी ती मिटत नाही.

हा प्रश्न बोलपटाइतकाच जुना आहे. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये आवाज फिल्मवर नव्हता, वेगळ्या तबकडीवर होता आणि प्रोजेक्टर व तबकडी एकत्र जोडून चालवली जात. फिल्म तुटली आणि ऑपरेटरने चार चौकटी कापून ती पुन्हा चिकटवली, की पुढचा सगळा आवाज मागे पडे. कापलेल्या चौकटींच्या जागी तेवढ्याच काळ्या चौकटी जोडणे हाच उपाय. आवाज फिल्मच्या कडेलाच प्रकाशरेषांच्या रूपात छापण्याची पद्धत आली तेव्हा ही कटकट संपली. मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’चे ध्वनिमुद्रण अशाच, थेट फिल्मवर नोंद करणाऱ्या यंत्रणेने झाले होते. तरी एक खोच राहिलीच. प्रोजेक्टरमध्ये चित्र दाखवण्याची जागा आणि आवाज वाचण्याची जागा वेगळी असते, त्यामुळे पस्तीस मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्राचा आवाज सुमारे २० चौकटी पुढे छापावा लागे. फिल्म चढवताना मधला वेटोळा दोन चौकटींनी लहान-मोठा झाला, की ८३ मिलिसेकंदांची चूक झालीच. पण एकदा नीट चढवलेली फिल्म शेवटपर्यंत जुळलेली राही, कारण चित्र आणि ध्वनी एकाच पट्टीवर होते.

डिजिटल प्रसारणाने ही पट्टी पुन्हा दुभंगली. सेट-टॉप बॉक्समध्ये, ओटीटी अ‍ॅपमध्ये किंवा पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये चित्र आणि ध्वनी वेगवेगळे दाबून भरलेले असतात. प्रत्येक पुडक्यावर ते कोणत्या क्षणी दाखवायचे किंवा ऐकवायचे याचा वेळशिक्का असतो. सेट-टॉप बॉक्समधल्या प्रवाहात हा शिक्का सेकंदाचे ९० हजार भाग करणाऱ्या घड्याळाने मोजलेला असतो. म्हणजे उगमापाशी अचूकतेत काही कमी नाही. अडचण ही, की वेळशिक्का पाहून चित्र आणि आवाज सोडण्याचे काम ज्या डब्यात होते, तिथेच ही माहिती संपते. एचडीएमआय केबलमधून बाहेर पडलेल्या चित्राला आणि आवाजाला स्वतःचा शिक्का उरत नाही. ते त्या क्षणी जुळलेले असतात. पुढे कोणी त्यातल्या एकाला थांबवून ठेवले, तर ते पुन्हा जुळवायला कोणी बसलेले नसते.

चित्राला थांबवतो तो टीव्ही. आजचा टीव्ही आलेले चित्र जसेच्या तसे दाखवत नाही. कमी रेषांचे चित्र तो फोर-केपर्यंत ताणतो, त्यातली खरखर काढतो, पडद्यामागचे दिवे भागाभागाने मंद-प्रखर करतो. यांत सर्वांत वेळखाऊ काम म्हणजे हालचाल गुळगुळीत करणे. सोनीच्या टीव्हीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीच्या ट्रूमोशन, सॅमसंगच्या ऑटो मोशन प्लस. दोन चौकटींच्या मध्ये नवी चौकट रचायची तर पुढची चौकट हातात येईपर्यंत थांबणे भाग आहे. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर एक चौकट म्हणजे जवळजवळ ४२ मिलिसेकंद. तीन चौकटी साठवल्या की शंभराचा टप्पा ओलांडलाच. तोच टीव्ही सेकंदाला ५० चौकटी येणाऱ्या क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात तेवढ्याच चौकटी साठवूनही निम्म्याहून कमी वेळ घेतो. सिनेमात आवाज पुढे पळतो आणि मॅचमध्ये मात्र ठीक, असे अनेक घरांत होते ते यामुळे.

टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हा घोटाळा दिसत नाही. आपण चित्र किती रोखून धरले आहे हे टीव्हीला ठाऊक असते आणि तो आवाजही तेवढाच रोखतो. घरात साउंडबार, होम थिएटर किंवा ब्लूटूथ स्पीकर आला, की त्याच्यापर्यंत ही माहिती पोचेलच असे नाही, आणि तिथून चुकामूक सुरू होते.

आवाजालाही वेळ लागतो, हे सहसा विसरले जाते. डॉल्बी डिजिटलमधला आवाज ३२ मिलिसेकंदांच्या पुडक्यांत येतो. पुडके पूर्ण हाती आल्याशिवाय ते उलगडता येत नाही. टीव्हीने तो आवाज उलगडून, पुन्हा दुसऱ्या पद्धतीने दाबून साउंडबारकडे पाठवला तर खर्च दुप्पट होतो. साउंडबार त्यातून आभासी सराउंड तयार करतो, संवाद उठावदार करतो, मागचे स्पीकर आणि सबवूफर वायरलेस असतील तर त्यांच्यासाठी सगळ्यांनाच थोडे थांबवतो. हे सारे मिळून आवाज चित्राच्या मागे पडू शकतो.

यंत्रांनी आपापसांत बोलून हा हिशेब जुळवावा, अशी सोय एचडीएमआयमध्ये टप्प्याटप्प्याने आली. २००६ च्या १.३ आवृत्तीत टीव्हीने आपला उशीर रिसीव्हरला, म्हणजे होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला, कळवावा अशी तरतूद झाली, पण ती ऐच्छिक होती. २००९ च्या १.४ आवृत्तीत एआरसी आले, म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच केबलने उलट साउंडबारकडे जाऊ लागला; तिथेही मेळ साधणे ऐच्छिकच. २०१७ च्या २.१ आवृत्तीतल्या ई-एआरसीमध्ये मात्र ते सक्तीचे झाले. जुन्या टीव्हीपासून जाणारी ऑप्टिकल केबल एकेरी रस्ता आहे. तिच्यातून आवाज जातो, उलट निरोप येत नाही, म्हणून तिथे सगळे हातानेच जुळवावे लागते. आणि सक्ती असली तरी टीव्हीने कळवलेला आकडा दर वेळी खरा असतो असे नाही. चित्राचे सेटिंग बदलले की प्रत्यक्ष उशीर बदलतो, पण कळवलेला आकडा जुनाच राहू शकतो. ‘ऑटो लिप सिंक’ चालू करून पाहावे, बरे झाले तर उत्तम. बिघडले तर ते बंद करून हाताने जुळवावे. त्यावर फार विश्वास टाकू नये.

आता तपासणीकडे. आवाज आधी की नंतर, हे ठरवायला गाणे, मारामारी किंवा पार्श्वसंगीत कामाचे नाही. डब केलेला सिनेमा तर मुळीच नको. हिंदीत डब झालेल्या दाक्षिणात्य चित्रपटात कोणत्याही सेटिंगने ओठ जुळणार नाहीत. मूळ हिंदी चित्रपटांतही २००१ च्या ‘लगान’ने सेटवरचाच आवाज वापरण्याची पद्धत पुन्हा रूढ करेपर्यंत बहुतेक संवाद स्टुडिओत मागाहून बोललेले असत. म्हणून जुन्या हिंदी चित्रपटावरून टीव्हीची परीक्षा घेऊ नये. सर्वांत उत्तम साधन म्हणजे स्टुडिओत बसून कॅमेऱ्याकडे पाहत बातम्या देणारी व्यक्ती. मराठी वर्णमालेतला प-वर्ग इथे उपयोगी पडतो. प, फ, ब, भ, म यांच्यासाठी ओठ पूर्ण मिटावे लागतात आणि ‘प’चा ध्वनी नेमका ओठ सुटताना फुटतो. ‘पंतप्रधान’, ‘मुंबई’, ‘पाऊस’ हे शब्द बातमीपत्रात हमखास येतात. ओठ अजून मिटलेलेच असताना ‘पा’ ऐकू आला तर आवाज आधी आहे. ओठ उघडून पुढच्या अक्षराकडे वळले आणि मग ‘पा’ आला तर उशिरा. तबल्याची थाप किंवा टेबल टेनिसचा चेंडूही चालतो.

हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवावे. जुळत नसलेले चित्र बराच वेळ पाहत राहिले तर मेंदू त्या फरकाला सरावतो आणि चूकही बरोबर वाटू लागते. २००४ मधल्या प्रयोगांनी हे दाखवले आहे. संशय आला तर थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन यावे, किंवा ज्याने अजून पाहिलेले नाही अशा घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारावे.

पुढचा प्रश्न, चूक कुठून येते? एका वाहिनीवर गडबड आणि शेजारच्या वाहिनीवर सगळे ठीक, तर दोष वाहिनीचा. घरातले काहीही बदलू नये. दुसऱ्या दिवशी ते आपोआप सुधारलेले असते किंवा डीटीएच कंपनीकडे तक्रार करावी लागते. दूरच्या वार्ताहराला प्रश्न विचारल्यावर तो क्षणभर गप्प उभा राहतो, ते मात्र वेगळे प्रकरण आहे: ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो. त्याचे ओठ आणि आवाज एकमेकांशी जुळत असतील तर दोष नाही. सर्व वाहिन्यांवर चूक, पण ओटीटीवर नाही, तर सेट-टॉप बॉक्स किंवा तो ज्या वाटेने जोडला आहे ती वाट तपासावी. सगळीकडेच चूक, तर टीव्ही आणि साउंडबार यांच्यामधला दुवा. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर आवाज वळवून पाहिला की हे लगेच कळते: तिथे जुळले, तर साउंडबारकडेच पाहायचे. अधूनमधून, पॉज केल्यावर किंवा जाहिरातीनंतर बिघडत असेल तर तो अ‍ॅपचा गोंधळ असतो. दहा सेकंद मागे जाणे किंवा अ‍ॅप बंद करून उघडणे यानेच तो जातो. त्यासाठी ऑडिओ डिलेला हात लावला, की अ‍ॅप सावरल्यावर उलटी चूक तयार.

आवाज आधी येत असेल तर काम सोपे. आवाजाला रोखून धरणे कोणत्याही रिसीव्हरला जमते. टीव्ही, साउंडबार किंवा रिसीव्हर यांपैकी एकाच ठिकाणी ‘ऑडिओ डिले’ वाढवत न्यावा; दोन ठिकाणी वाढवला तर पुढे कुठे काय केले ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. अनेक रिसीव्हरमध्ये २०० ते ५०० मिलिसेकंदांपर्यंत सोय असते आणि प्रत्येक इनपुटसाठी वेगळा आकडा साठवता येतो. त्याआधी मोशनफ्लोसारखी सेटिंगे बंद करून पाहणे शहाणपणाचे. मूळ उशीरच कमी झाला तर रोखायचे कमी उरते, आणि सिनेमाही सिनेमासारखा दिसतो. गुळगुळीत केलेल्या हालचालीने चांगला चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो, हे वेगळेच.

आवाज उशिरा येत असेल तर मात्र ‘ऑडिओ डिले’चा काही उपयोग नाही. त्या सेटिंगने आवाज मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. शून्याखाली आकडा जात नाही, आणि जिथे ऋण आकडा दिसतो तिथेही यंत्राने आधीच ठेवलेली राखीव जागाच कमी होत असते. म्हणून आधी शून्य आहे की नाही ते पाहावे. कुणीतरी कधीतरी वाढवून ठेवलेला डिले हे उशिराचे एक नेहमीचे कारण आहे. मग आवाजाच्या वाटेतले थांबे कमी करावेत. टीव्हीच्या ध्वनी मेनूत ‘पास-थ्रू’ निवडले की टीव्ही आवाज स्वतः न उलगडता तसाच पुढे पाठवतो. काही जोड्यांत याच्या उलट ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला आवाज, निवडल्यावर फरक पडतो, कारण साउंडबारचे उलगडण्याचे काम वाचते; मात्र जुन्या एआरसीवर आणि ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल, सराउंड गेले. साउंडबारवरचे आभासी सराउंड, नाइट मोड, संवाद वाढवणारे मोड एकेक करून बंद करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पाहावे.

याच ठिकाणी एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो: ‘गेम मोड लावा.’ गेम मोडमध्ये टीव्ही चित्रावरचे बहुतेक संस्कार गाळतो आणि त्याचा उशीर १०-२० मिलिसेकंदांवर येतो. आवाज आधी येत असेल तर हा उत्तम इलाज आहे. पण आवाज उशिरा येत असेल, तर चित्र आणखी लवकर दिसू लागून दरी रुंदावते. उशिरा आवाजाला, बाकी उपाय थकल्यावर, चित्राला थोडे अडवणे हाच मार्ग उरतो, म्हणजे गेम मोड बंद, हालचालीचे सेटिंग मध्यम. मनाला पटणार नाही, पण ते काम करते. दुसरी वाट म्हणजे केबलची मांडणी बदलणे. सेट-टॉप बॉक्स किंवा फायर स्टिक थेट टीव्हीला न जोडता रिसीव्हरला जोडावी आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीकडे न्यावे. मग आवाज टीव्हीतून फिरून येत नाही, रिसीव्हरला आधी मिळतो. आता तो आधी येऊ लागेल, पण आधी येणाऱ्याला रोखणे सोपे.

ब्लूटूथ हा उशिराचा सर्वांत मोठा कारखाना. साध्या एसबीसी पद्धतीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो. ही वर सांगितलेल्या सहनशक्तीची सीमाच. मोबाइलवर व्हिडिओ पाहताना हे जाणवत नाही, कारण अ‍ॅपला उशीर माहीत असतो आणि ते चित्र थांबवून ठेवते. टीव्हीवर, विशेषतः सेट-टॉप बॉक्सचे चित्र येत असेल तर, असा समंजसपणा नसतो. अलीकडच्या स्वस्त प्रोजेक्टरला ब्लूटूथ स्पीकर जोडणाऱ्यांची हीच फसगत होते. अ‍ॅपल टीव्हीमध्ये आयफोनच्या मायक्रोफोनने उशीर मोजून चित्र जुळवण्याची सोय आहे; फायर टीव्हीच्या मेनूतही एव्ही सिंक जुळवण्याचे पान आहे. प्रोजेक्टरला हेडफोनचे छिद्र असेल तर दोनशे रुपयांची साधी ऑडिओ केबल या सगळ्यांहून बरी.

साउंडबार आणि टीव्हीचे स्पीकर दोन्ही एकाच वेळी चालू राहिले, तर गुहेत बोलल्यासारखा घुमलेला आवाज येतो. त्याला मेळ चुकणे समजून लोक तासभर आकडे फिरवत बसतात. टीव्हीचा स्पीकर बंद केला की काम झाले.

चूक हळूहळू वाढत जात असेल, म्हणजे सुरुवातीला ठीक आणि मध्यंतरापर्यंत सेकंदभराची, तर तो प्रकार सर्वस्वी वेगळा. असे फाइलमध्येच असते. अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीमुळे सिनेमाचा वेग पुष्कळदा सेकंदाला २४ ऐवजी २३.९७६ चौकटी धरला जातो. फाइल बनवताना चित्र एका वेगाने आणि आवाज दुसऱ्या वेगाने धरला, तर हजारात एकचा फरक पडतो, तासाभरात ३.६ सेकंद. मोबाइलवर चित्रित केलेल्या लग्नाच्या किंवा संमेलनाच्या व्हिडिओत आणखी एक भानगड असते: मोबाइल उजेडाप्रमाणे चौकटींचा वेग कमी-जास्त करतो आणि काही संपादन-प्रणाली तो स्थिर समजून चालतात. अशा फाइलला डिले लावून उपयोग नाही, एका जागी जुळले तर दुसऱ्या जागी सुटते. हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीत मूळ फाइल स्थिर वेगात बदलून घ्यावी आणि मग संपादन करावे. चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल तर मात्र व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागे-पुढे होतो. इथे आवाज खरोखर पुढे ओढता येतो, कारण पूर्ण फाइल हाताशी असते.

शेवटचे जुळवणे कानाने करायचे तर अशी युक्ती आहे. डिले वाढवत जाऊन आवाज उघडपणे उशिरा वाटेल तो आकडा लिहावा. मग कमी करत जाऊन उघडपणे आधी वाटेल तो लिहावा. खरा आकडा या दोहोंच्या बरोबर मध्ये नसतो. उशीर माणूस जास्त सहन करतो, त्यामुळे मध्य उशिराकडे झुकलेला असतो. मध्यापेक्षा तीस-चाळीस मिलिसेकंद कमी ठेवावेत. ज्यांना मोजूनच समाधान होते त्यांच्यासाठी यूट्यूबवर एकाच क्षणी पडदा चमकणारे आणि ‘बीप’ वाजणारे चाचणी-व्हिडिओ आहेत. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींच्या वेगाने, पडदा टिपावा. फोन आवाजही नोंदवतो याची आधी खात्री करावी. मग पडदा चमकल्यापासून बीप सुरू होईपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात. प्रत्येक चौकट म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. १२ चौकटी म्हणजे ५० मिलिसेकंद. चाचणी ज्या अ‍ॅपमध्ये केली त्या अ‍ॅपपुरताच आकडा खरा असतो, सेट-टॉप बॉक्ससाठी बातमीपत्र पुन्हा पाहावेच.

खोलीतल्या अंतराची चिंता मात्र करू नये. स्पीकर एक मीटर दूर सरकला तर तीन मिलिसेकंदांचाही फरक पडत नाही. रिसीव्हरमध्ये स्पीकरचे अंतर भरतात ते ओठांसाठी नसते, सगळ्या स्पीकरांचा आवाज ऐकणाऱ्यापाशी एकदम पोचावा म्हणून असते. मायक्रोफोन लावून रिसीव्हरने स्वतः मोजलेले सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसले तर ते फुटपट्टीने ‘दुरुस्त’ करू नये. सबवूफरच्या आतल्या मंडलात लागणारा वेळ त्याने अंतरात धरलेला असतो. मोठ्या मंडपात गोष्ट वेगळी. तिथे ३४ मीटर मागे बसलेल्याला मंचाजवळच्या स्पीकरचा आवाज शंभर मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून मागचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा वाजवतात.

नवा साउंडबार घेणाऱ्यांनी दुकानात गाणे न लावता बातम्या लावायला सांगाव्यात, ई-एआरसी आहे का ते विचारावे, आणि आवाज मागे-पुढे करण्याची सोय त्याच्या रिमोटवर किंवा अ‍ॅपमध्ये प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.